पाण्याचे कॅन माहेराहून: कोल्हापूरची हद्दवाढ हवी की नको?

पेठेतला
जन्म मंगळवार पेठेतला. धाकटी बहीण लग्नानंतर शहराच्या हद्दीबाहेर, पाचगावला फ्लॅटमध्ये राहायला गेली. दर रविवारी आईकडे येते आणि परत जाताना मोपेडवर पाय ठेवायच्या जागेत वीस लिटरचा कॅन, मागच्या सीटला दोरीनं बांधलेला दुसरा. लोक माहेराहून चटणी, भाकरी नेतात, ही पाणी नेते! सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणते.
काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं २०२३ च्या दिवाळीत शहरासाठी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं. आम्ही पेठेत फटाके वाजवले. पण १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा जी हद्द होती, तीच घेऊन आपण बसलोय. ६६.८२ चौरस किलोमीटर. शहर केव्हाच कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगावात जाऊन राहिलंय, कागद तेवढा मागं राहिलाय. या गावांनी हद्दवाढीचा विरोध सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधावरचा
आण्णा, पाणी पायजे तर पाणी मागा की. गाव कशाला मागताय?
मी उचगावचा. घरात तीस गुंठं रान, त्यात ऊस. आमच्या पाव्हण्याची शहराच्या हद्दीत जागा हाय, तिच्यावर महापालिकेच्या आराखड्यात बागेचं आरक्षण पडलंय. बाग काय झाली न्हाय. त्याला विकता येईना, पोराला घर बांधता येईना. कुंपणाला तारा मारल्यात आणि आत गाजरगवत. एवढीच बाग. पोराचं लग्न झालं, सून आली, दोन खोल्यांत सहा माणसं. आता आमच्या तीस गुंठ्यांवर उद्या काय पडंल ह्याची हमी कोण देणार? घरफाळा वाढणार ते वेगळंच. ग्रामपंचायतीत सरपंचाला दारात जाऊन शिव्या घालता येत्यात. महापालिकेत कुणाच्या दारात जायचं?

राजारामपुरी_तिसरी_गल्ली
मी शहरातला, तरी बांधावरच्या मामांच्या बाजूनं. आहे ते शहर सांभाळता येईना. रस्ते केले ते बीओटीवर, म्हणजे खासगी कंपनीनं बांधायचे, आणि वर टोल. तो घालवायला आख्खं शहर रस्त्यावर उतरलं. पावसाळा संपला की आमच्या गल्लीत खड्डे मोजायचा खेळ पोरं खेळतात. अशा संस्थेच्या गळ्यात आणखी गावं बांधायची म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

पेठेतला
@राजारामपुरी, अहो पैसा नाही म्हणून कामं नाहीत. वाढीव वस्तीचा घरफाळा दुसरीकडं जातो, आणि तिथली माणसं दवाखान्याला, शाळेला, भाजीला शहरातच येतात. महापालिकेची केएमटी बसही तिकडं जाते आणि तोटा आमच्या माथी.

कॅनवाली
दादा, मीच ती बहीण. माझे कॅन चर्चेत आणायच्या आधी विचारायचं तरी!
आम्ही हौसेनं पाचगावला गेलो नाही. पेठेतल्या दोन खोल्या तुम्हा भावांच्या, गाडी लावायला जागा नाही, आणि शहरात फ्लॅट बघितले तर दर ऐकून हे जिन्यातूनच परत फिरले. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यावर तर नागाळा पार्क, ताराबाई पार्कचं नावच घेऊ नये.
आणि पाण्यापेक्षा मोठं दुखणं सांडपाण्याचं आहे, ते कुणी लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगला ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे. पावसाळ्यात तो भरला की झाकणाच्या कडेनं पाणी येतं आणि पार्किंगमधून ओढ्याकडं जातं. मुलं त्यातूनच सायकल काढतात. तक्रार केली तर ग्रामपंचायत म्हणते बिल्डरला विचारा, बिल्डर फोन उचलत नाही. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण केलं. आमच्या जिन्यात तरी अजून कुणी आलेलं नाही. मला हद्दवाढ हवी आहे, पण तुझ्या घरफाळ्यासाठी नको.

पुरातला
नागाळा पार्कात तळमजला. २०१९ ला कमरेएवढं पाणी, २०२१ ला त्याहून जास्त. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. हे सगळं लिहितोय कारण नदीकडची बाजू वाढीसाठी संपली आहे. तरी पूररेषेत भराव टाकून बांधकामं सुरूच. उंच जागा आहे ती दक्षिणेला, म्हणजे पाचगाव, मोरेवाडीकडं. शहर तिकडंच चढणार, हद्द वाढो न वाढो. प्रश्न एवढाच की नऊ मीटरचे रस्ते आधी सोडून चढणार की बंब आत जाणार नाही अशा बोळांतून.
बाकी मामा, आरक्षणाचा मुद्दा मात्र खरा आहे. वर्षानुवर्षं जागा अडकवून ठेवणं ही लूटच आहे.

बांधावरचा
तेवढं मान्य केलंसा, बरं वाटलं. ताई, तुमचं ड्रेनेजचं पण खरं हाय. आमच्या उसाच्या सरीत वरच्या कॉलनीचं पाणी येतंय. पाच वर्सांमागं हितं विहिरीचं पाणी पीत हुतो, आता म्हशीबी तोंड लावत न्हाईत. म्हंजे शहर आमच्यात आलंयच, फक्त घाण घिऊन.
पर आण्णा, तुमी म्हंता विरोध सोडा. सोडतो की. आदी आरक्षणाचं लिवून द्या. किती वर्सांत पैसं, न्हाय तर जमीन मोकळी. तोंडी न्हवं.

पेठेतला
लिहून देणारा मी कोण, मामा? पण मागणी रास्त आहे. मी वर "विरोध सोडावा" लिहिलं, ते "अटी घालून यावं" असं वाचा.

राजारामपुरी_तिसरी_गल्ली
आणि अटी पाळल्या नाहीत तर? तेव्हा कुठल्या हद्दीत जायचं, कर्नाटकात?

कॅनवाली
दादा, या रविवारी एक कॅन जास्त लागेल. सासूबाई आल्यात.