एल्डर स्क्रोल्सचा सहावा भाग: बाण नको, वाट सांगणारा माणूस द्या

केळीबागेतला_नेरेवारिन
एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेच्या सहाव्या भागाची अर्ध्या मिनिटाची झलक जून २०१८ मध्ये आली. डोंगर दिसले, नाव आलं, संपलं. पाचवा भाग स्कायरिम तर नोव्हेंबर २०११ चा. तेव्हा माझा पुतण्या पाळण्यात होता, आता त्याला मिसरूड फुटायला आलंय. तर थेट विचारतो, पुढच्या भागात तुम्हाला काय हवं? ग्राफिक्स आणि नकाशा केवढा हे सोडून सांगा.

माझं आधी सांगतो. मला वाट विचारायची आहे.

मी सावद्याकडचा. लहानपणी मामाच्या शेतात डबा पोचवायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी आजीने वाट सांगितली ती अशी: "पाट ओलांड, पहिली विहीर सोड, दुसरी धर, तिथून चिंचेकडे तोंड करून चालत राह्य." केळीत शिरलं की वर पानं मिटतात, चिंच कुठली दिसते! तरी त्या एका वाक्याच्या जोरावर चालत राहायचं.

मालिकेतला तिसरा भाग, मॉरोविंड, हाती लागला २००६ च्या सुमारास. खेळ २००२ चा, पण आमच्याकडे सगळंच उशिरा यायचं (केळीचा भाव पडल्याची बातमी सोडून). सुरुवातीच्या सेडा नीन गावात उतरल्यावर काम काय, तर एक पुडकं बाल्मोरा शहरात कायस कोसाडीसला नेऊन द्यायचं. म्हणजे डबाच की! आणि कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. लोकांना विचारा, खेळातली डायरी वाचा, चाला. मी मराठी माध्यमाचा. नॉर्थईस्ट म्हणजे ईशान्य हे मला त्या डायरीने शिकवलं. शंभर पानी वही भरली होती. आर्कंगथँडचं पान अजून आठवतं: मूनमॉथ किल्ल्याच्या पुढे पूल, पलीकडे पडके अवशेष, आणि दार काही उघडेना. दाराचा दांडा बाहेर, एका नळावर! तीन संध्याकाळी गेल्या, त्यातली निम्मी लोडशेडिंगमध्ये.

स्कायरिममध्ये माणूस म्हणतो, "तुझ्या नकाशावर खूण करतो." झालं. मग मी डोंगर बघतच नाही, वरच्या पट्टीवरची खूण बघत पळतो.

लोको_नाईट_शिफ्ट
भाऊ, तुम्हाला शाळेत वेळ होता. मी भुसावळला नाईट करून येतो, दोन पोरं झोपली की पाऊण तास मिळतो. त्यात ईशान्येला कुठे फिरू? बाण बंद करायचं बटण द्या, ज्याला नको त्याने बंद करावा. आणि मॉरोविंडची एवढी आरती नको. उंदीर समोर उभा, सुरी त्याच्या आरपार जाताना दिसते, आणि खेळाचा पडद्यामागचा फासा म्हणतो लागली नाही!

केळीबागेतला_नेरेवारिन
उंदराचं मान्य. ती मारामारी परत नकोच.
बटणाचं मात्र जमत नाही. स्कायरिममध्ये मी खूण बंद करून खेळून पाहिलं. बरीच कामं अडतात, कारण वाट कुणी तोंडाने सांगितलेलीच नसते. मॉरोविंडमध्ये बहुतेक बोलणं लिहिलेलं होतं, चार ओळी वाढवायला काही लागत नव्हतं. आता प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करायचं, म्हणजे विहीर-चिंच आधी कापली जाणार. माझं म्हणणं एवढंच की वाट आधी लिहा, बाण मग लावा. तुमचा पाऊण तासही वाचेल, माझी वहीपण भरेल.

धुळ्याची_तेलवानी
मला उडायचं आहे. मॉरोविंडमधल्या तेलवानी घराण्याच्या जादूगारांच्या बुरुजांना वर जायला जिनाच नव्हता, आठवतं? हवेत तरंगायचा मंत्र येत नसेल तर मालकांची भेट नाही. काय तो माज! चौथ्या भागात, ऑब्लिव्हियनमध्ये, मोठी शहरं दाराआड वेगळी लोड व्हायला लागली, भिंतीवरून उडत आत शिरलं तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून मंत्रच गेला. स्कायरिममध्ये तर स्वतःचे मंत्र बनवणंही गेलं. आणि तिथल्या विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात दोन-चार मंत्रांवर मी आर्चमेज, म्हणजे कॉलेजची प्रमुख, झाले. मॉरोविंडच्या गिल्डमध्ये (म्हणजे संघात) कौशल्याचे आकडे भरले नाहीत तर बढती मिळत नसे. इथे एमपीएससी करणाऱ्यांनी तरी समजून घ्यावं.

शेवभाजी_बार्बेरियन
आधी निंघू तं दे भो.

लोको_नाईट_शिफ्ट
आर्चमेजचं पटलं. पण वाट लिहायची म्हणता, लिहिणाऱ्याने चूक केली तर? मॉरोविंडच्या डायरीत काही वाटा चुकीच्याच होत्या. माझा एक आख्खा रविवार गेला होता.

केळीबागेतला_नेरेवारिन
आजीचीपण चुकली होती. सोडायच्या विहिरी दोन होत्या. मी डबा भलत्याच माणसाला दिला. त्याने काही न बोलता खाल्ला, धुऊन परत दिला, वर म्हणाला, तुझ्या मामाला सांग, मिरची कमी टाकत जा.