सहा ग्लुऑनांचं बीसीएफडब्ल्यू: पाचपर्यंत जुळतं, सहाला फिसकटतं

कोनीकंस (प्रश्न)
ट्री लेव्हल (लूप नसलेल्या आकृत्या), रंगक्रम लावलेले ग्लुऑन (क्वार्कना बांधणारे कण), पायथनमध्ये बीसीएफडब्ल्यू रिकर्शन, म्हणजे टकरीचं मोठं अ‍ॅम्प्लिट्यूड लहान अ‍ॅम्प्लिट्यूडांच्या गुणाकारांतून बांधणं. चार आणि पाच ग्लुऑनांना अ‍ॅम्प्लिट्यूडचा मॉड्युलस पार्क-टेलर सूत्राशी अगदी शेवटच्या अंकापर्यंत जुळतो. पण १⁻२⁻३⁻४⁺५⁺६⁺ ला (उणे-अधिक म्हणजे हेलिसिटी, गतीच्या दिशेने स्पिनची खूण) बेरेंड्स-गीले या दुसऱ्या, स्वतंत्र रिकर्शनपेक्षा भलताच आकडा येतो, आणि तो ठरावीक पटीतही चुकत नाही. शिफ्ट ३-४ वर आहे: ३ चा चौकोनी स्पायनर आणि ४ चा कोनी स्पायनर हलवलाय (प्रत्येक संवेग या दोन स्पायनरांत लिहितो; कंस [ ] आणि ⟨ ⟩). वेळ वाचावा म्हणून एमएचव्ही (दोनच उणे) किंवा अँटी-एमएचव्ही (दोनच अधिक) तुकडा आला की रिकर्शन थांबवून तयार सूत्र लावतो. शिफ्ट चुकली आहे का? पुढे सुपरस्ट्रिंगसाठी हेच वापरायचंय.

फिरकी_दोन
शिफ्ट ठीक आहे. चौकोनी हलला तो उणे, कोनी हलला तो अधिक. म्हणजे मोठ्या झेडला (झेड म्हणजे शिफ्टचं प्रमाण) अ‍ॅम्प्लिट्यूड १/झेडने उतरतं. उलट केलं असतंत तर झेडच्या घनाने वाढलं असतं आणि अनंताकडचा तुकडा हातातून निसटला असता.

आता "शेवटच्या अंकापर्यंत" हेच संशयास्पद वाटतं. तयार सूत्राशी थांबताय, म्हणजे चार-पाचला रिकर्शन चाललंच नाही. पार्क-टेलरची तुलना पार्क-टेलरशीच झाली.

सहाला विभागण्या तीन: (२,३|४,५,६,१), (१,२,३|४,५,६) आणि (६,१,२,३|४,५). मधल्या विभागणीत तीन उण्यांसोबत चौथं काहीही आलं तरी शून्यच. उरली दोन पदं. पहिल्यात तीनचा एमएचव्ही गुणिले पाचचा एमएचव्ही, दुसऱ्यात पाचचा अँटी-एमएचव्ही गुणिले तीनचा अँटी-एमएचव्ही. कोनी कंसांच्या जागी चौकोनी टाकून अँटी-एमएचव्ही काढलं असेल, तर विषम संख्येला येणारं उणे चिन्ह तीनला आणि पाचला दोन्हीकडे द्या किंवा दोन्हीकडे गाळा. एकीकडेच दिलंत तर दोन पदांमधलं चिन्ह उलटतं. बेरजेची वजाबाकी झाली की फरक ठरावीक पटीत राहणार कसा?

बरेच जण आधी दोन तुकडे जोडणाऱ्या आतल्या रेषेच्या −पी (उलट संवेग) स्पायनरला धरतात. वर्गमुळातून तिथे आय किंवा उणे आय येतो खरा, पण ग्लुऑनसाठी त्याचा घात सम असतो, म्हणून दोन्ही पदांना सारखंच उणे लागतं. आत फर्मिऑन आला की मग तिकडे बघा.

ध्रुवबिंदू
संदर्भाचा आकडा नसतानाही ही चूक पकडता येते. दोन्ही पदांच्या छेदात ⟨५|३+४|२] आहे. हा खोटा पोल (पोल म्हणजे छेद शून्य होऊन पद अनंत होण्याची जागा). कुठल्याही कणाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे बेरजेत तो कटलाच पाहिजे. संवेग असे निवडा की हा कंस १०⁻², १०⁻⁴, १०⁻⁶ असा लहान होत जाईल. चिन्ह बरोबर असेल तर बेरीज स्थिर राहते, चुकलं असेल तर दर पायरीला शंभरपट फुगते.

मात्र १०⁻⁶ ला दोन्ही पदं दहा लाखपट मोठी होऊन एकमेकांत कटतात. डबल प्रिसिजनच्या १६ अंकांतले जेमतेम १० हाती लागतात. तो बग नव्हे. असे बिंदू एमपीमॅथ या पायथन लायब्ररीत ५० अंकांवर चालवा, नाहीतर मोमेंटम ट्विस्टर (संवेगांची बेरीज आपोआप शून्य ठेवणारे चल) घेऊन सगळं परिमेय संख्यांतच ठेवा. मग अंक गळण्याचा प्रश्नच नाही.

कोनीकंस
तीनच्या सूत्रात उणे होतं, पाचच्या सूत्रात नव्हतं. घातलं, आता १३ अंक जुळतात. तयार सूत्रं काढून तीनपर्यंत उतरवलं तरी तेच उत्तर.

पृष्ठ_आणि_दोरी
सुपरस्ट्रिंगसाठी एवढं एक उत्तर पुरणार नाही. सहा ग्लुऑनांच्या ओपन सुपरस्ट्रिंग ट्रीला (६−३)! = ६ यांग-मिल्स क्रम (हेच ग्लुऑनांचं उत्तर, वेगवेगळ्या क्रमाने) लागतात: १, ५, ६ जागेवर, २, ३, ४ ची अदलाबदल. प्रत्येकाला वर्ल्डशीटवरच्या (दोरीने आखलेल्या पृष्ठावरच्या) इंटिग्रलचा गुणक. तुमच्या हेलिसिटीत या सहांपैकी दोनच क्रमांत तिन्ही उणे शेजारी येतात. उरलेल्या चारांत दोन पदांवर भागत नाही, तीन लागतात. दोन पदं गृहीत धरून कोड लिहिला असेल तर तिथे अडकेल.

आधी चारवर तपासा. गुणक असा: गॅमा(१−एस) × गॅमा(१−टी) ÷ गॅमा(१−एस−टी), एस आणि टी (शेजारच्या दोन संवेगांच्या बेरजेचे वर्ग) अल्फा-प्राइमने (दोरीची लांबी ठरवणारा स्थिरांक) गुणलेले. लहान ऊर्जेला तो १ − (पाय²/६)·एस·टी असा उघडतो. अल्फा-प्राइमच्या पहिल्या घाताचं पद येताच कामा नये, सुपरसिमेट्री ते येऊ देत नाही. बोसॉनिक स्ट्रिंगमध्ये ते येतं. तुमच्याकडे दिसलं तर गॅमाच्या आतली चिन्हं किंवा मेट्रिकचं चिन्ह बघा. एस = १, २, ३… ला पोल दिसले पाहिजेत. ते एसच्या उणे किमतींना निघाले तर मेट्रिक उलटं आहे.