हिस्पॅनिक मुलांना मेंटॉर: आधी मुलं वाढवायची की माणसं?

हिलक्रॉफ्टकर:

ह्यूस्टनमधले आपण सगळेच हिलक्रॉफ्टला पोहे, गूळ, कढीपत्ता आणायला जातो. २०१० पासून त्या भागाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात. तिथून गाडीने पाच-दहा मिनिटांवर गल्फटन. एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिकोहून आलेली स्पॅनिशभाषक, म्हणजे हिस्पॅनिक कुटुंबं तिथल्या जुन्या अपार्टमेंटांत दाटीवाटीनं राहतात. पंधरा वर्षं मी त्या रस्त्यानं नुसता गेलो. गेली अडीच वर्षं तिथल्या एका साल्वादोरी पोराचा मी 'बिग' आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलाला घराबाहेरचा एक मोठा मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर, द्यायचा ही कल्पना १९०४ ची. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातला अर्नेस्ट कूल्टर हा कारकून रोज समोर उभी राहणारी पोरं बघून अस्वस्थ झाला आणि एकेका मुलामागे एकेक भला माणूस उभा करायला लागला. त्यातून पुढे 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' झालं. मोठा तो बिग, मूल ते लिटल. महिन्यातून दोन-चार वेळा भेट, निदान एक वर्ष. आधी मुलाखत आणि पार्श्वभूमीची कसून तपासणी.

मी त्याच धर्तीवरच्या एका स्थानिक संस्थेत आहे. त्यांना आता हिस्पॅनिक मुलांची संख्या वाढवायची आहे. माझं म्हणणं, वाढवा, पण आधी स्पॅनिश बोलणारे कर्मचारी आणि हिस्पॅनिक स्वयंसेवक आणा, मुलं त्यानंतर घ्या. आमच्या एका बैठकीत समन्वयक बाईंनी पोराची पाच मिनिटं तक्रार केली. आईला इंग्रजी येत नाही. दुभाषा कोण? तेच पोर! त्यानं काय सांगितलं देव जाणे, आई प्रसन्न हसली आणि बाईंना धन्यवाद देऊन उठली.

रोखठोक:

असहमत. गरीब तो गरीब, हिस्पॅनिक मुलांसाठी वेगळी चूल कशाला? आणि मेंटॉर दिल्यानं मुलं सुधारतात हेच मुळात सिद्ध कुठे झालंय? अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं स्वतःच्याच शालेय मेंटॉरिंग योजनेचं मूल्यमापन २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. एकंदरीत म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही. तोच पैसा शाळेत समुपदेशक आणि गणिताच्या शिकवणीवर घाला. शनिवारी पोराला आइसक्रीम खिलवून आपल्यालाच बरं वाटतं.

पारिजातक:

मी सॅन अँटोनियोत शाळेत शिकवते. रोखठोक, तुम्ही सांगता तो अहवाल शाळेतल्या शाळेत, जेमतेम काही महिने चाललेल्या भेटींचा आहे. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स'वरचा १९९५ चा अभ्यासही वाचा. १० ते १६ वयाची ९५९ मुलं, निम्म्यांना बिग दिला, निम्मी प्रतीक्षायादीत ठेवली. दीड वर्षानं पाहिलं तर बिग मिळालेल्यांत अमली पदार्थांना सुरुवात करण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी कमी, दारूची २७ टक्क्यांनी कमी. हे आइसक्रीमनं होत नाही.

वेगळ्या चुलीबद्दल. २०२० च्या जनगणनेत या देशातलं अठरा वर्षांखालचं दर चौथं मूल हिस्पॅनिक होतं. त्याला 'वेगळं' कसं म्हणायचं? जुन्या योजनेमागे 'घरात बाप नाही, म्हणून मोठा भाऊ द्या' असा हिशोब होता. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत बाप आहे, आजी आहे, दोन मामा आहेत. बाप दोन पाळ्या करतो इतकंच. नसतो तो कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॉर्म आधी कधी भरलेला माणूस.

आणि आईच्या जागी उभं राहून बघा. अनोळखी पुरुष येऊन म्हणतो, तुमच्या मुलाला दर शनिवारी बाहेर नेतो. तुम्ही पाठवाल? त्यांच्याकडे 'पाद्रिनो' असतो, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. तो आणि मुलाचे आईबाप एकमेकांचे 'कोंपाद्रे' होतात, म्हणजे नातं आधी घराशी जुळतं. आधी स्वयंपाकघरात बसा, मग पोराला बाहेर न्या. शिवाय १९८२ च्या प्लायलर खटल्यामुळे (तोही टेक्सासचाच) देशात राहण्याची कागदपत्रं नाहीत म्हणून शाळेला मूल नाकारता येत नाही, त्यामुळे आया शाळेवर थोडा विश्वास ठेवतात. संस्थेच्या इंग्रजी फॉर्मवर पत्ता आणि नोकरीचं ठिकाण विचारलं की फोन उचलणंच बंद होतं.

खारीक:

संस्थेपेक्षा मला आपल्या लोकांची भीती वाटते. महाराष्ट्र मंडळात आवाहन केलं तर चाळीस हात वर येतील. त्यातले पंधरा लेकीच्या कॉलेज अर्जासाठी समाजसेवेचे 'तास' हवेत म्हणून, दहा फोटोसाठी. उरलेल्यांची सहा महिन्यांत सिअॅटलला बदली. २००२ मध्ये त्याच १९९५ च्या आकड्यांची फेरतपासणी झाली. वर्षभर टिकलेल्या जोड्यांत फायदा दिसला, तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षा खालावलं. म्हणजे अर्धवट मदत करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

वर्धेकर:

एवढं बिचकू नका हो. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून फिरत फिरत मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. कुठे होता तिथे रक्ताचा संबंध? हिस्पॅनिक मुलाला हिस्पॅनिकच मेंटॉर हवा हा हट्ट कशासाठी?

खारीक:

वर्धेकर, खानखोजे स्पॅनिश शिकले आणि तिथे संसार थाटून वर्षानुवर्षं राहिले. एक शनिवार सोडून दोन तास नव्हते जात.

हिलक्रॉफ्टकर:

हट्ट नाही, मी स्वतः मराठीच आहे की. पण माझ्या पोराला चौदा पूर्ण होतील तेव्हा त्याच्यासारख्याच घरातून निघून इंजिनियर झालेला कुणीतरी भेटायला हवा, तो मी होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात 'पुएंते' म्हणून उपक्रम १९८१ मध्ये चॅबो कॉलेजात सुरू झाला. तिथे मुलांना लॅटिनो समाजातलेच नोकरदार, व्यावसायिक मेंटॉर म्हणून भेटायचे. असे लोक ह्यूस्टनमध्ये ढिगानं आहेत. पण त्यांना कुणी स्पॅनिशमध्ये, त्यांच्या चर्चमध्ये जाऊन विचारत नाही. पोस्टर इंग्रजीत, तेही डाउनटाउनच्या ऑफिसांत. पुरुष स्वयंसेवक तर सगळीकडेच कमी, त्यामुळे मुलगे मुलींपेक्षा जास्त काळ ताटकळतात.

खारीक, बदलीचा मुद्दा मान्य. माझ्या आधीचा बिग चौथ्या महिन्यात गेला. पहिले तीन शनिवार पोरगं माझ्याशी एक शब्द बोललं नाही. चौथ्या शनिवारी विचारलं, "तू कधी जाणार?"

रोखठोक:

हे वाचून वाईट वाटलं, मत बदललं नाही. एका मुलामागे तपासणी, समन्वयक, दरमहा फोन. एवढ्या खर्चात एका शिक्षकाला तीस मुलं मिळतात.

पारिजातक:

माझ्या वर्गात तीस आहेत. "तू कधी जाणार" हे त्यातल्या एकानंही मला कधी विचारलेलं नाही, विचारायला तेवढा वेळ मिळतो कुठे!

सातारी_कंदी:

वय ६१, निवृत्त, डॅलस. स्पॅनिश फक्त 'ग्रासियास'पुरती. बदली होण्याचा प्रश्नच नाही. चालेल का?

हिलक्रॉफ्टकर:

काका, चालेल. मुलाखत लांबलचक असते, पूर्वी कुठे कुठे राहिलात तेही विचारतात, कंटाळू नका. पहिल्या भेटीत घरी पुपुसा वाढतील, मक्याच्या भाकरीत चीज आणि घेवडा भरलेला असतो. नको म्हणू नका. आणि आईशी बोलताना पोराला दुभाषा करू नका, अनुभवाचे बोल आहेत.