वडिलांच्या गाडीचे अ‍ॅप मुलाच्या मोबाइलवर असावे का?

राजारामपुरीकर (सध्या पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. नोकरीनिमित्त मी पुण्यात राहतो. आई आणि आबा कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घरी असतात. आबा ७१ वर्षांचे आहेत आणि गाडी अजूनही उत्तम चालवतात, असे त्यांच्या शेजारी बसणारे सगळेच सांगतात. गेल्या दसऱ्याला आम्ही भावंडांनी मिळून त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक गिअरची नवी गाडी घेतली. ही गाडी इंटरनेटला जोडलेली आहे. ताबा घेताना शोरूममध्ये माझाच मोबाइल क्रमांक नोंदवला गेला, त्यामुळे गाडी कुठे उभी आहे, किती वेगाने चालली आहे, ब्रेक किती जोरात दाबला, हे सगळे मला पुण्यात बसून दिसते. बंगळूरला असलेल्या बहिणीलाही आम्ही त्या अ‍ॅपमध्ये जोडून घेतले आहे.

अडचण अशी की बहीण काळजीपोटी लगेच फोन करते. "आबा, आज गगनबावड्याला कशाला गेला होता?" किंवा "शिरोलीजवळ तुमचा वेग नव्वदच्या वर होता." आबा तिला उलट काही बोलले नाहीत, पण महिनाभर झाला, गाडी पोर्चमध्येच उभी आहे. सकाळी रंकाळ्यावर फिरायला, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जायला त्यांनी जुनी स्कूटर पुन्हा बाहेर काढली आहे. आईने विचारले तर म्हणतात, "स्कूटर कुठेही लावता येते." महाद्वार रोडच्या बाजूला ते खरेही आहे. परंतु कोल्हापूरच्या पावसात त्यांनी दुचाकीवर फिरू नये, म्हणूनच तर ही गाडी घेतली होती.

अ‍ॅपचे खाते आबांच्या नावावर करून द्यावे, की फक्त सूचना बंद कराव्यात? आणि खाते त्यांच्याकडे गेल्यावर महामार्गावर काही अघटित घडले तर आम्हाला कसे कळणार?

उद्यमनगरचा वायरमन

वाहनांच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू आधी सांगतो. अशा गाडीत सिमकार्ड असलेला एक छोटा संच बसवलेला असतो. आपण कुठे आहोत हे तो उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवतो आणि त्यासाठी त्याला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. पण ती जागा तुमच्या फोनपर्यंत पोहोचवायची तर नेटवर्क लागतेच. म्हणून गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात गाडी व्यवस्थित धावत असली, तरी नेटवर्क तुटले की अ‍ॅपवर ती शेवटच्या ठिकाणीच थांबलेली दिसते. गाडी तासभर हलली नाही म्हणून घरी रडारड झालेली आणि इकडे माणूस वैभववाडीत वडापाव खात बसलेला, असे प्रकार आमच्या ओळखीत झाले आहेत. तेव्हा बहिणींना सांगा, नकाशावरचा ठिपका म्हणजे वडील नव्हेत.

वेगाचे म्हणाल तर १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत ताशी ८० किलोमीटरच्या वर थांबून थांबून आणि १२० च्या वर सलग इशारा वाजणे बंधनकारक आहे. म्हणजे नव्वदचा इशारा आबांच्या कानाशी आधीच वाजला होता. बंगळूरहून तो दुसऱ्यांदा वाजवण्याने काय साधले, हे मला समजलेले नाही. ठिकाण कळवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण यांची सक्ती २०१९ पासून नव्या बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांना आहे, खासगी मोटारींना नाही. तुमच्या गाडीत ही जी सोय आहे, ती कंपनीने दिलेली आहे आणि कोणी किती वापरायची हे घरात ठरवता येते.

आता मुद्द्याचे. पुष्कळ गाड्यांत अपघात होऊन एअरबॅग उघडली की गाडी स्वतःच मदत केंद्राला किंवा नोंदवलेल्या क्रमांकांना कळवते, आणि एसओएस बटण दाबूनही तसेच करता येते. या सोयीचा आणि रोजचा प्रवास बघत बसण्याचा एकमेकांशी संबंध नाही. खाते आबांच्या क्रमांकावर करा, तुम्हा दोघांचे क्रमांक आणीबाणीच्या यादीत ठेवा. त्यासाठी आरसी आणि आबांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी बहुधा मागतील. जाताना एवढे जरूर विचारून या की सिमची मोफत मुदत कधी संपते, कारण ती संपली की हे सगळे मुकाट्याने बंद पडते आणि घरच्यांना मात्र वाटत राहते की सोय चालू आहे.

शाहूपुरीच्या बाई

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि तुमच्या आबांच्याच वयाची आहे, तेव्हा त्यांच्या बाजूने चार शब्द लिहिते. आमच्या मुलाने दिवाणखान्यात कॅमेरा बसवला, त्यावर मी दुसऱ्याच दिवशी दुपट्याची टोपी घातली. बायकांना असे करता येते. पुरुष माणूस, त्यातून तालमीतला, तोंडाने काही बोलणार नाही. तो स्कूटर काढतो. त्यांना राग यंत्राचा आलेला नाही. "कशाला गेला होता" या प्रश्नाचा आलेला आहे. गगनबावड्याला ते जुन्या मित्राकडे गेले असतील, कुणाला पैशाची मदत करायला गेले असतील, नाहीतर नुसते धुके बघायला गेले असतील. चाळीस वर्षे ज्यांनी संसार चालवला, त्यांनी मुलीला जाण्याचे कारण सांगायचे, ही उलटी रीत त्यांना पचत नाही.

मी नृसिंहवाडीला गाडी घेऊन जाते तेव्हा निघताना व्हॉट्सअ‍ॅपवरून मुलांना माझे थेट ठिकाण पाठवते. त्यात पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास अशा तीन मुदती आहेत. मी आठ तास निवडते आणि घरी आले की स्वतः बंद करते. मुलांना जे कळायचे ते कळतेच, पण कळवणारी मी असते. आबांना हे शिकवायला तुम्ही स्वतः कोल्हापूरला या. फोनवरून शिकवू नका, त्यात निम्म्या घरांत भांडणे होतात.

एक वकील, कसबा बावडा

कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा झाला, परंतु एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्यातून वगळलेला आहे. आबांच्या प्रवासाची माहिती साठवणाऱ्या कंपनीवर त्या कायद्याने जबाबदारी येते. ती पाहणाऱ्या मुलीला मात्र आबांच्या परवानगीखेरीज दुसरे बंधन नाही. ही परवानगी त्यांना कोणी विचारली होती का?

पेठेतला एक मुलगा

वरच्या तिन्ही उत्तरांशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या वडिलांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला तेव्हा गाडीचे ठिकाण दिसत होते, म्हणूनच एका रात्री ते आम्हाला कागलच्या पुढे, रस्त्याच्या कडेला सापडले. अशा घरात खासगीपणाच्या गोष्टी कोणी सांगू नयेत. मात्र आम्ही ते पाहणे सुरू केले ते डॉक्टरांशी बोलल्यानंतर, आणि आईला त्याची पूर्ण कल्पना होती.

तुमच्या आबांची तशी स्थिती दिसत नाही. तेव्हा माझी सूचना अशी की ठिकाण कधी पाहायचे, हे त्यांच्याशीच बोलून ठरवावे. रात्रीचा महामार्ग, पावसाळ्यातला घाट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली असेल ते दिवस. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली होती, हे आबांना तुमच्यापेक्षा चांगले आठवत असेल. त्यामुळे ही अट त्यांना अपमानाची वाटणार नाही. एरवीच्या दिवशी तुमच्या बहिणींनी अ‍ॅप उघडूच नये.

वेगापेक्षा मला डोळ्यांची चिंता अधिक वाटते. मोतीबिंदू वाढत असेल तर समोरच्या गाडीच्या दिव्याने रात्री काहीच दिसेनासे होते, आणि कोणत्याही अ‍ॅपवर ते उमटत नाही. वयाच्या ५५ नंतर खासगी वाहनाचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि नूतनीकरणाला नमुना १-अ मधले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र पाच मिनिटांत सही करून आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तसे न करता या वेळी नेत्रतज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्या. आबांचा परवाना कधी संपतो, ते येथे कळवाल का?