अमेरिकन अ‍ॅक्सलचं 2024: सुधारणा की रंगसफेदी?

चोपडावाला (दांडिया बाजार)
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छत्तीस वर्षं फोर्जिंगवाल्यांचे (तापलेलं लोखंड ठोकून भाग घडवणाऱ्यांचे) चोपडे लिहिले, त्यामुळे ताळेबंद दिसला की हात थांबत नाही. परवा डेट्रॉइटच्या अमेरिकन अ‍ॅक्सल अँड मॅन्युफॅक्चरिंगचे 2024 चे आकडे काढले. गाडीचे अ‍ॅक्सल, प्रॉपशाफ्ट (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा), डिफरन्शियल (तो जोर दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी) बनवणारी मोठी कंपनी. विक्री सुमारे 612 कोटी डॉलर. 'समायोजित एबिटडा', म्हणजे व्याज, कर, घसारा आणि काही 'एकवेळचे' खर्च वजा करण्याआधीची कमाई, जवळपास 75 कोटी, म्हणजे विक्रीच्या 12 टक्क्यांवर. कौतुक सगळं त्याच ओळीचं. खाली उतरत गेलं की निव्वळ नफा उरतो साडेतीन कोटी. शंभर डॉलरचा माल विकून सत्तावन्न सेंट! आपल्या बडोद्यातल्या सेव-उसळवाल्याला याहून जास्त सुटत असतील. घसारा साधारण 47 कोटी, व्याज 18-19 कोटी. हे दोन्ही बाजूला ठेवून कमाई सांगायची म्हणजे घरभाडं आणि पोरांची फी वगळून घरखर्च सांगण्यातली गत. याला मी चांगलं वर्ष म्हणणार नाही.

प्रेसशॉप (मांजलपूर)
काका, सेव-उसळवाल्याला डाय (साचा) बनवावा लागत नाही. घसारा चोपड्यात लिहिता त्या दिवशी खिशातून पैसा जात नाही, प्रेस आधीच घेतलेली असते. रोकड बघा ना. कामकाजातून सुमारे 45 कोटी डॉलर आले. आदल्या वर्षी 3.4 कोटींचा तोटा होता, आणि त्या वर्षी जनरल मोटर्समध्ये सहा आठवडे संप झाला होता. विक्री 608 वरून 612, म्हणजे जागच्या जागी. तरी एबिटडा 69 वरून 75 कोटींवर गेला. माल तेवढाच आणि हातात जास्त, हे शॉपफ्लोअरवर घाम गाळल्याशिवाय होत नाही, असं माझं मत. तुम्ही केबिनमध्ये बसून लिहिलंत, आम्ही भट्टीशेजारी उभे होतो!

चोपडावाला
भट्टीशेजारी उभा होतास, मग प्रेस झिजते हे तुलाच जास्त ठाऊक. त्या 45 मधले सुमारे 25 कोटी यंत्रसामग्रीत परत गेलेच की. घसारा कागदी असता तर ही खरेदी कशाला लागली असती? आणि व्याज काही कागदी नसतं. 2017 मध्ये मेटाल्डाइन ही सुट्या भागांची कंपनी विकत घेतली तेव्हाचं कर्जाचं ओझं अजून वाहतायत.

वाडीची सुनबाई
तुम्ही दोघं खालच्या ओळीवर भांडताय, मला पहिल्या ओळीची, म्हणजे विक्रीची काळजी वाटते. 612 कोटींतला सुमारे 42 टक्के माल एकट्या जनरल मोटर्सला जातो. मुळात 1994 मध्ये रिचर्ड डॉक आणि साथीदारांनी जनरल मोटर्सचेच कारखाने घेऊन ही कंपनी उभी केली. तीस वर्षांनंतरही नाळ तुटलेली नाही. एका गिऱ्हाइकावर विसंबणं काय असतं ते बडोदेकरांना सांगायला नको. 2017 मध्ये जवळच्या हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला, पुढे तिथे एमजी आली, तिची हेक्टर गाडी निघाली, पण मधली दोन वर्षं? माझ्या सासऱ्यांचं जॉबवर्क वेगळ्याच एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी चालायचं. त्यानं ऑर्डर अर्ध्यावर आणली तेव्हा तीन लेथ झाकून ठेवावे लागले.

प्रेसशॉप
वहिनी, मुद्दा खरा आहे, पण त्यावरच तर तोडगा काढलाय. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी ब्रिटनची डाउलाइस घ्यायचं जाहीर केलं, सुमारे 144 कोटी डॉलरला, थोडी रोकड आणि थोडे शेअर. डाउलाइस म्हणजे जीकेएन या जुन्या ब्रिटिश कंपनीचा मोटारींच्या भागांचा धंदा. 2018 मध्ये मेलरोज या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीनं जीकेएन गिळली आणि 2023 मध्ये हा भाग वेगळा काढला. साइडशाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) आणि त्याच्या टोकाचा, चाक वळलं तरी जोर पोचवणारा सीव्ही जॉइंट, यांत त्यांचं नाव जगभर, आणि गिऱ्हाइकं दहा ठिकाणची. शिवाय बॅटरीच्या गाडीतही मोटरपासून चाकापर्यंत साइडशाफ्ट लागतोच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपशाफ्ट नसला तरी चालतं, साइडशाफ्ट नसून चालत नाही.

फतेगंजचा मास्तर
साइडशाफ्टचं बरोबर. उलट बॅटरीची गाडी जड, मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण, म्हणजे जॉइंटवर ताण जास्त. इंजिनाचा खडखडाट नसल्यानं जॉइंटचा बारीक 'टक्' आवाजही गिऱ्हाइकाला ऐकू येतो. काम वाढतंय, पण भाव कोण वाढवून देणार? दर वर्षी दर कमी करा म्हणून पत्रं येतात ती आम्हालाही येतात.

चोपडावाला
मास्तर, आता बोललात. वहिनींच्या 42 टक्क्यांवर माझ्याकडे उत्तर नाही, मी आधीच वर बघायला हवं होतं. पण प्रेसशॉप, हे औषध कर्ज काढूनच आणलंय ना? जुन्याचं व्याज नफ्याच्या पाचपट आणि त्यावर नवं. वर्षाला 30 कोटी डॉलर वाचवू म्हणतात. असे 'वाचवू'चे प्रस्ताव मी बँकेच्या फायलींत पुष्कळ लावले आहेत. वाचले की त्या ओळीवर 'समायोजित' लिहावं लागत नाही.

प्रेसशॉप
आणि नाही घेतली तर 42 टक्के 42 च राहतात, काका. तुमच्या जुन्या मालकानं तरी फोर्जिंगचा हॅमर (लोखंड ठोकायचं यंत्र) कर्जाशिवाय घेतला होता का?

चोपडावाला
नाही. सात वर्षं हप्ते मीच भरत होतो. म्हणून तर बोलतोय.