चिपिंग कॅम्पडेनमधील बाजार कुठे गेला?

वाटसरू : इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड टेकड्यांतील चिपिंग कॅम्पडेन हे गाव नुकतेच पाहिले. पुस्तकांत त्याला बाजारगाव म्हटले आहे, पण रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या कमानींच्या दगडी मंडपात मला विक्रेत्याची एकही टोपली दिसली नाही. एवढ्याशा वस्तीत इतके भव्य चर्च कसे उभे राहिले, आणि पुढे गावाची वाढ का थांबली?

जुनी पेठ : 'चिपिंग' या शब्दाचा अर्थच बाजार असा आहे. बाराव्या शतकात येथे आठवडी बाजार भरवण्याची राजपरवानगी मिळाली. खरी श्रीमंती मात्र आली ती आसपासच्या माळरानांवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीमुळे, जी व्यापाऱ्यांमार्फत थेट युरोपात जात असे. 1401 मध्ये वारलेल्या विल्यम ग्रेव्हेलच्या चर्चमधील स्मृतिपट्टावर त्याला अवघ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांचे फूल म्हटले आहे. आपण पाहिलेला मंडप त्यामानाने बराच अलीकडचा आहे. लंडनचा रेशीमव्यापारी आणि राजाचा सावकार बॅप्टिस्ट हिक्स याने तो 1627 मध्ये लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांसाठी बांधला.

डोंगरकडा : कच्च्या लोकरीऐवजी विणलेले कापड परदेशी जाऊ लागले, तेव्हा गिरण्या चालवायला भरपूर पाणी असलेल्या स्ट्राउडच्या दऱ्या पुढे गेल्या आणि कॅम्पडेन मागे पडले. शेजारच्या ब्लॉकली गावाला ओढ्याने हात दिला. तेथील गिरण्या कॉव्हेंट्रीच्या फितीविणकरांना रेशमी सूत पुरवीत. पण ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील 1860 च्या व्यापारी करारानंतर फ्रान्सचे रेशीम करमुक्त येऊ लागले आणि तोही धंदा बसला. कारखाने न आल्यामुळेच कॅम्पडेनची जुनी घरे पाडण्याची कोणाला गरज वाटली नाही. ज्याला आपण जतन म्हणतो, त्यातील बराचसा भाग, माझ्या मते, निव्वळ पैशाची चणचण होता.

कारागीर : केवळ चणचण म्हणणे अपुरे आहे. 1902 मध्ये वास्तुरचनाकार सी. आर. ॲशबी याने लंडनच्या ईस्ट एंडमधून आपला हस्तकला संघ, म्हणजे कारागीर आणि त्यांची कुटुंबे, येथे आणली. 1908 पर्यंत संघ मोडला, तरी अनेकजण गावातच राहिले. जुन्या रेशीमगिरणीत हार्ट घराण्याचा चांदीकामाचा कारखाना त्याच परंपरेतला आहे. आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्ये, ॲशबीने दुरुस्त केलेल्या नॉर्मन काळातील (अकराव्या-बाराव्या शतकांतील) चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, राहत असत, आणि सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ 1908 मध्ये तेथेच छापला गेला.

वाटसरू : आभारी आहे. ते चॅपेल पाहायचे राहूनच गेले.