निखळलेला दात परत बसवल्यावर तो नेमका धरतो कशामुळे?

बीडीएस_इंटर्न
समजा, ९ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात मुळासकट निखळला. १० मिनिटं मातीत, मग ४० मिनिटं दुधात. मुळाचं टोक अजून उघडं आहे, म्हणजे मुळाची वाढ पूर्ण झालेली नाही. दात बसवून स्प्लिंट (शेजारच्या दातांशी बांधून ठेवणारा आधार) लावला. यानंतर आत पेशी काय करतात? दात हाडाला चिकटून बसेल की नाही, हे कशावर ठरतं? आणि रूट कॅनाल लगेच का करत नाहीत?

ऊतीशास्त्र
मुळाला हाडाशी जोडणाऱ्या धाग्यांच्या थराची, म्हणजे लिगामेंटची, जागा जेमतेम ०.२ मिमी. दात निखळताना ते बहुधा मधूनच फाटतं: काही भाग मुळावर राहतो, काही हाडातल्या खोबणीच्या भिंतीला. दात बसवला की त्या फटीत रक्त गोठतं. मॅक्रोफेज पेशी मेलेल्या ऊती साफ करतात, मागोमाग धागे बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि नव्या केशवाहिन्या शिरतात. आठवड्याभरात हिरडी दाताच्या मानेशी परत जुळते, दोन आठवड्यांच्या सुमारास कोलाजेनचे धागे फट ओलांडून पलीकडे पोचलेले असतात.

हे सगळं मुळावरच्या पेशी जिवंत असतील तरच. सिमेंटमवर (मुळावरचं कठीण आवरण) छोटासा ओरखडा असेल तर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड-मूळ झिजवणाऱ्या पेशी, तेवढं खरवडतात आणि शेजारच्या लिगामेंटच्या पेशी नवं सिमेंटम घालतात. मोठा पट्टा मेला असेल तर त्या पोचायच्या आधी हाडाच्या बाजूच्या पेशी मुळापर्यंत येतात आणि थेट मुळावर हाड घालतात. हीच अँकिलोसिस. पुढे हाडाच्या नेहमीच्या झीज-भरीत मूळही झिजत जातं.

आघात_दंतचिकित्सा
तुमच्या उदाहरणात खरा हिशेब त्या १० मिनिटांचा. कोरड्यात ३० मिनिटांनंतर बहुतेक पेशी गेलेल्या असतात, तासानंतर जवळजवळ सगळ्याच. दुधाचा क्षारांचा दाब पेशींच्या जवळपास असतो, म्हणून त्या तग धरतात. पाण्यात त्या फुगून फुटतात. दूध पेशींना टिकवतं, मेलेल्यांना उठवत नाही.

मोठं नुकसान मूळ घासून स्वच्छ करण्याने होतं. ती माती नसून अनेकदा ते लिगामेंटच असतं! दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळावर सलाइनची (निर्जंतुक मिठाच्या पाण्याची) धार सोडा, खोबण खरवडू नका, सलाइनने धुवा. (दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते.)

स्प्लिंटची तार ०.४ मिमीपर्यंतची, लवचीक, ती चिकटवणारं कॉम्पोझिट हिरडीपासून लांब, दोन आठवडे. हाडही मोडलं असेल तर चार. दात किंचित हलायला हवा. जखडून ठेवला तर अँकिलोसिसला वाव मिळतो.

एंडो_विभाग
रूट कॅनालचं: टोक उघडं असताना नव्या रक्तवाहिन्या दिवसाला साधारण अर्धा मिमी वेगाने आत सरकू शकतात. पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) जगला तर मूळ पुढे वाढेल, भिंती जाड होतील. म्हणून थांबायचं. सुरुवातीला थंड चाचणीला (दाताला थंड लावून जाणीव होते का पाहणं) प्रतिसाद नाही, एवढ्यावरून पल्प मेला असं ठरवू नका.

पण थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. २ आठवडे, मग १, २, ३, ६ महिने, १ वर्ष असे एक्स-रे काढा. पल्प मरून जंतू शिरले तर त्यांची विषं दंतनलिकांतून (दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्या) बाहेर येतात आणि सिमेंटम नसलेल्या जागी ऑस्टिओक्लास्ट चालूच राहतात. लहान मुलांत या नलिका रुंद असतात, त्यामुळे काही आठवड्यांत मूळ पोखरलं जातं. अशी खूण दिसताच मुळातला कालवा उघडून साफ करा. टोक बंद असतं तर वाटच पाहायची नव्हती: दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध महिन्याभरापर्यंत.

बीडीएस_इंटर्न
अँकिलोसिस आधी कशात कळते?

आघात_दंतचिकित्सा
वाजवून. आरशाच्या दांडीने टकटक करा. शेजारच्या दातांचा आवाज बोथट, याचा टणक, धातूसारखा. एक्स-रेत ओठाकडची आणि टाळूकडची बाजू झाकली जाते, म्हणून तिथे उशिरा दिसतं. शेजारचं हाड वाढत राहतं आणि हा दात आत बुडाल्यासारखा होतो. फरक १ मिमीच्या पुढे गेला की डीकोरोनेशनचा विचार करतात: वरचा भाग काढायचा, मुळातलं भरण काढून आत रक्त भरू द्यायचं, मूळ हाडात विरघळू द्यायचं. हाडाची रुंदी पुढच्या इम्प्लांटसाठी टिकते.